मागे जाण्याचा हक्क

एकाच घरातून वर्षभरात तिसरा रिमोट परत आला, तेव्हा साहेबांनी तो माझ्या टेबलावर आणून ठेवला. "बघा जरा," म्हणाले, "बाकी सगळी बटणं नवीकोरी आहेत. फक्त 'मागे' जाणारं बटण झिजलंय. हे लोक करतात तरी काय?"

येरवड्याला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमची अकरा माणसांची कंपनी होती. टीव्हीवरचा कार्यक्रम आपोआप साठवून ठेवणारा बॉक्स आम्ही बनवायचो. कार्यक्रम चालू असतानाच तो थांबवता यायचा, मागे नेता यायचा. शहरातली एक मोठी केबल कंपनी तो आपल्या ग्राहकांना द्यायची. आज यात कुणाला काही वाटणार नाही, पण तेव्हा चालू मॅच थांबवून चहा करून येणं ही शेजाऱ्यांना बोलावून दाखवायची गोष्ट होती. साहेबांनी भोसरीच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून हा उद्योग काढला होता. मी यवतमाळहून शिकायला आले आणि पुण्यातच राहिले. बॉक्समधल्या चुका शोधणं हे माझं काम होतं.

रिमोटवरचा पत्ता कसबा पेठेतला होता. गल्ली इतकी अरुंद की रिक्षावाल्याने मला कोपऱ्यावरच उतरवलं. तांब्याच्या भांड्यांची ठोकठोक चाललेल्या दुकानांवरून चालत गेले. दार एका साठीच्या बाईंनी उघडलं. मी कुठून आले ते सांगितल्यावर म्हणाल्या, "रिमोट द्यायला कंपनीतून इंजिनीयर? बरं चाललेलं दिसतंय तुमचं."

आत खुर्चीत त्यांचे यजमान बसले होते. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेले सर. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. हात बराचसा सुधारला, वाचा मात्र गेली ती गेलीच. समजायचं सगळं, शब्द ओठांवर यायचा नाही. बोलण्याचा रोज सराव करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

काकूंनी मला नवा रिमोट लावून दाखवायला सांगितला आणि स्वतःच तो हातात घेतला. सातच्या बातम्या लागल्या होत्या. निवेदिका एक वाक्य बोलली. काकूंनी चित्र थांबवलं. सरांनी ओठ हलवले, नुसता घोगरा आवाज निघाला. काकूंनी मागे नेलं. तेच वाक्य पुन्हा. मग पुन्हा. सहाव्या वेळेला सर म्हणाले, "मुख्य... मंत्री." काकूंनी काहीच शाबासकी दिली नाही. पुढचं वाक्य लावलं.

स्वयंपाकघरात चहा गाळताना त्या मला हळूच म्हणाल्या, "आधी मीच वाक्यं म्हणून दाखवायचे गं. पण माझ्या तोंडाकडे बघितलं की यांना रडू यायचं. नाहीतर चिडायचे. ती टीव्हीवरची बाई कितीही वेळा मागे नेली तरी तितक्याच उत्साहात सांगते. तिला यांची कीव येत नाही."

मी ऑफिसात येऊन हे साहेबांना सांगितलं. आपला बॉक्स लोक मॅचसाठी घेतात एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्या घरी जास्तीचे दोन रिमोट पाठवायला त्यांनी सांगितलं.

चार-पाच महिन्यांनी नोटीस आली. परदेशातल्या एका कंपनीचं म्हणणं होतं की कार्यक्रम साठवला जात असतानाच तो थांबवण्याची आणि मागे नेण्याची पद्धत त्यांची आहे, तिचं पेटंट त्यांच्याकडे आहे, आणि आम्ही ती विनापरवाना वापरतो आहोत. तशीच नोटीस केबल कंपनीलाही गेली होती. तिथल्या अधिकाऱ्यांनी साहेबांना फोनवरच सांगितलं, "भांडण तुमचं आहे, तुम्ही मिटवा. आम्हाला कोर्टात उभं राहायचं नाही. पंधरा दिवसांत रेकॉर्डिंग बंद करा, नाहीतर सगळे बॉक्स परत घ्या."

 तिसऱ्या दिवशी साहेब आम्हा सगळ्यांना बसवून म्हणाले, "मी कुणाचं काही चोरलेलं नाही. हे मला माझ्या घरात, माझ्या टेबलावर सुचलंय."

ते खरंच होतं. पण मी ते पेटंट इंटरनेटवरून उतरवून घेतलं होतं आणि सबंध वाचलं होतं. भाषा वकिली, किचकट. मात्र सातव्या पानावर एक आकृती होती. ती जवळजवळ आमच्या ऑफिसातल्या फळ्यावरच्या आकृतीसारखीच होती. तेच चौकोन, तेच बाण. कुणीतरी तिकडे आमच्याआधी काही वर्षं तसाच टेबलाशी बसून डोकं खाजवत असणार. नोटीस पाठवणाऱ्यांचा मला राग येत होता, पण त्या आकृतीचा काही केल्या येईना. मी कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "चांगलं काम केलंय हो यांनी."

वकिलांनी सांगितलं की लढलात तर कदाचित जिंकाल, पण निकाल लागेपर्यंत कंपनी उरणार नाही. साहेबांनी रेकॉर्डिंग बंद करायचं ठरवलं. केबलच्या वायरीतूनच नवं सॉफ्टवेअर जाणार होतं. ग्राहकांना पत्रं गेली. कसबा पेठेत मात्र मी स्वतः गेले. पत्राने ते कळवणं मला जमलं नसतं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. सर टीव्हीकडे बघत होते, पण कान माझ्याकडे होता. मी घाबरले होते. घाबरले की मी आमच्या तिकडचं बोलायला लागायचे, अजूनही लागते. मी म्हटलं, "काकू, आमचा इलाज नाही. सोमवारपासून आम्ही ते बंद करून राहिलो."

खुर्चीतून आवाज आला. "करत..."

आम्ही दोघी वळलो. सरांनी उजवा हात उचलला होता, वर्गात उचलायचे तसा. "करत... आहोत," ते म्हणाले. "करून... राहिलो... नाही."

काकू आधी हसल्या. मग पदर डोळ्यांना लावून तिथेच खाली बसल्या. जवळजवळ दोन वर्षांत सर पहिल्यांदाच टीव्हीने न सांगितलेलं काही बोलले होते, आणि तेही माझं मराठी सुधारायला. मी "बंद करत आहोत" असं नीट म्हणून दाखवलं. सरांनी मान डोलावली. त्यांचा सराव बंद करत असल्याचंच आपण त्यांना नीट म्हणून दाखवलं, हे माझ्या ध्यानात जिना उतरताना आलं.

सोमवारी रेकॉर्डिंग बंद झालं. ऑफिसचे फोन दिवसभर वाजत होते. एका गृहस्थांनी मला फार शांतपणे सांगितलं, "सुविधा काढून घेतल्याबद्दल अभिनंदन. आता बॉक्सही घेऊन जा. तेवढीच फुलदाणीला जागा होईल." लोकांचं चुकत नव्हतं. त्यांना दाखवून विकलेली गोष्ट त्यांच्या घरात शिरून, न विचारता काढून घेतली होती.

मी रोज कसबा पेठेतल्या त्या घराचा विचार करायचे. एकदा फोन केला. काकूंनी आपणहून तक्रार केली नाही, मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "वर्तमानपत्र वाचून दाखवते. हे तोंड फिरवतात. आठ दिवस झाले, एक शब्द नाही."

त्या आठवड्यात मी पेटंट पुन्हा काढलं आणि प्रत्येक वाक्याखाली रेघा मारत बसले. सगळीकडे एकच अट होती: कार्यक्रम साठवणं *चालू असताना*. साठवून झाल्यावर तो लावायचा, थांबवायचा, मागे न्यायचा, हे तर जुन्या व्हीसीआरवरही लोक करत आले होते. ते कुणाच्या मालकीचं नव्हतं. आणि काकूंना सातच्या बातम्या सातलाच कुठे हव्या होत्या? साडेसातला चालल्या असत्या, दुसऱ्या दिवशी दुपारीसुद्धा.

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मॅचवाले गेलेच."

"ते गेलेच, साहेब. पण बाकीचे राहतील."

वकिलांनी आठवडाभर घेतला आणि हो म्हटलं. केबल कंपनीने नाखुशीने परवानगी दिली. आम्ही झटून सॉफ्टवेअर बदललं. बंद पडल्यापासून बरोबर पाच आठवड्यांनी रेकॉर्डिंग पुन्हा सुरू झालं, पण कार्यक्रम पूर्ण संपल्याशिवाय त्याचं रेकॉर्डिंग बघता येत नसे. बऱ्याच लोकांनी तोवर बॉक्स परत केले होते. काही जणांनी ठेवले. काकूंच्या घरी त्या संध्याकाळी साडेसातला बातम्या सुरू झाल्या. पहिले दोन दिवस सर रुसून होते. तिसऱ्या दिवशी, काकूंनी फोनवर सांगितलं, निवेदिकेच्या आधीच "नमस्कार" म्हणाले.

कंपनी त्यानंतर वर्षभर चालली. मग केबल कंपनीने त्या परदेशी कंपनीचा परवाना असलेले बॉक्स दुसरीकडून घेतले आणि आमचे थांबवले. कुणी कुणावर खटला भरला नाही, त्यामुळे आमचं चुकलं होतं की नाही हे शेवटपर्यंत कुठे लिहिलं गेलं नाही. साहेबांना तेच जास्त लागलं असावं.

ऑफिस आवरायच्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, "एकदा चला माझ्याबरोबर." ते आढेवेढे घेत आले. इतक्या वर्षांत ते एकाही ग्राहकाच्या घरी गेले नव्हते. काकूंनी पोहे केले होते. सर आता बोलत होते, संथ, शब्द निवडून. त्यांनी साहेबांना विचारलं, "हे यंत्र... आपण केलंत?"

 पेटंटमधली ती आकृती पाहिल्यापासून या प्रश्नाचं उत्तर साहेबांनी कुणालाच सरळ दिलं नव्हतं. आता म्हणाले, "हो, आम्ही केलं. आमच्याआधी आणखी कुणीतरी केलं होतं. आम्हाला माहीत नव्हतं."

"असेल," सर म्हणाले. "माझ्या घरी... आपलं आलं."

साहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. त्यांना बोलता येईना. काकू उठून पाणी आणायला गेल्या, आणि सर शिक्षकाच्या सवयीने, घाई न करता, साहेबांच्या बोलण्याची वाट बघत राहिले.

पुढे मी हिंजवडीला एका मोठ्या कंपनीत लागले. साहेब तंत्रनिकेतनात शिकवायला जाऊ लागले. काकूंकडचा बॉक्स कुणी परत मागितला नाही. रिमोट खराब झाला की त्या मला फोन करायच्या, आणि साहेबांच्या घरच्या कपाटात ठेवलेल्या उरल्यासुरल्या रिमोटांतला एक मी त्यांना नेऊन द्यायचे.