शेवटच्या कडव्यातलं नाव

जबलपुरात अशी एकही चूक नसेल, जी आमच्या शेजारच्या काकांच्या नजरेतून सुटली असेल. खमरियाच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर तपासनिसाचं काम केलं, म्हणजे दुसऱ्यांनी घडवलेल्या वस्तूत खोट काढायची आणि तिच्यावर लाल खूण करायची. निवृत्त झाले तरी हात थांबेना. लग्नपत्रिका आली की आधी लाल पेन्सिल, मग अभिनंदन. माझ्या स्वतःच्या पत्रिकेवर सात खुणा करून त्यांनी ती माझ्या वडिलांना परत दिली होती. रांझीच्या बसवाल्याला ते थांब्यांचा क्रम समजावत, आणि विहारात वंदना चालू असताना कुणाचा उच्चार घसरला की डोळे न उघडता 'रिजेक्ट' म्हणत. काकू होत्या तोवर सर्वांत जास्त खुणा त्यांच्याच वाट्याला आल्या. भाजीतलं मीठ, बोलण्यातला हेल, काहीही. ती बाई हसून सोडून द्यायची. मला मात्र हसू येत नसे.

काकू गेल्या, त्यानंतरच्या वर्षी नागपूरच्या कुणा अभ्यासकाने ऑनलाइन ज्ञानकोशात काकांवर लेख टाकला. जयंतीला आमच्या विहारात गातात ती गाणी काकांच्या नावाने छापलेल्या पुस्तिकेतली, म्हणून काका 'गीतकार'. मी तो माझ्या फोनवर उघडून त्यांना वाचून दाखवला. मला वाटलं, हुरळून जातील. लेखात जन्मगाव चुकलं होतं, कारखान्यातला विभागही चुकला होता. काकांनी दोन्ही चुका सोडून दिल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"पहिली ओळ काट," ते म्हणाले. "गाणी माझी नाहीत. तुझ्या काकूची आहेत."

काकू भाकरी थापता थापता गाणी रचायच्या आणि काका नुसते उतरवून घ्यायचे. पुस्तिका छापायची ठरली तेव्हा समितीतले लोक म्हणाले, बाईचं नाव कशाला? काकांना ते पटलं. आमच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफलेलं असतं. तिथलं काकूंचं 'सगुणा' हे तीन अक्षरी नाव काढून काकांनी आपलं पाच अक्षरी नाव घातलं. तेव्हापासून त्या ओळीवर सगळा विहार अडखळतो, दोन अक्षरं गिळतो आणि पुढे जातो.

"काकू काही बोलल्या नाहीत?"

"बोलली ना. म्हणे, हे चालीत बसून नाही राहिलं हो. मी म्हटलं, चलो, लोक बसवून घेतील."

माझं डोकंच फिरलं. "काका, ही चोरी झाली."

"हो. तसंच लिही."

मी काकांच्याच नावाने लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते उडालं. पुन्हा लिहिलं, पुन्हा उडालं. शेवटी कुणा संपादकाचा निरोप आला: स्वतःविषयीच्या लेखात स्वतः बदल करू नयेत, छापील संदर्भ द्यावा, उपलब्ध पुस्तिकेनुसार गीतकार तेच आहेत.

"काहून उडवून राहिला हा?" काका ओरडले. "चोर खुद सांगून राहिला, और क्या सबूत चाहिए?"

सबूत नव्हताच. काकूंना लिहिता येत नव्हतं, आणि उतरवलेले मूळ कागद छपाई झाल्यावर काकांनीच फाडून टाकले होते. आता जगात त्यांच्या विरोधात एकच साक्षीदार उरला होता, त्यांची स्वतःची पुस्तिका. मला दया आली नाही. बरं झालं, असंच वाटलं.

यंदाच्या जयंतीला मी विहारात त्यांच्या शेजारी बसले होते. शेवटचं कडवं आलं. सगळ्यांनी सवयीने दोन अक्षरं गिळून काकांचं नाव घेतलं. काकांनी एकट्यानेच मोठ्याने 'सगुणा' म्हटलं. ओळ इतकी नीट बसली की माझ्या अंगावर काटा आला. गाणं संपताच पुढच्या रांगेतली एक तरुण सून मागे वळली आणि पुस्तिकेतल्या त्या ओळीवर बोट ठेवून अदबीने म्हणाली, "काकाजी, गलत गा रहे हो. इथं तुमचंच नाव आहे न."

काकांनी चष्मा लावून ती ओळ पाहिली. लाल पेन्सिल खिशात होती, मला दिसत होती. त्यांनी ती काढली नाही.

"हो बेटा," ते म्हणाले. "चुकलं माझं."

पुढच्या गाण्याच्या शेवटी मीही 'सगुणा' म्हटलं. एवढ्या मोठ्या विहारात आम्ही दोघंच चुकत होतो.