दरबारी स्तुती आणि बाबांचं गाऱ्हाणं

फारसी तवारिखेवर, म्हणजे सुलतानाच्या दरबारी बखरीवर, पीएचडी मिळवणारी आमच्या घाटकोपरच्या चाळीतली मी पहिलीच. बहुधा शेवटचीही. मला त्याचा अभिमान आहे, खरं तर गर्वच आहे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. संपानंतर बाबांची गिरणी उघडलीच नाही, आणि ते पवईला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले.

माझे मार्गदर्शक सर छापील मराठी बोलायचे आणि त्यांची पद्धतही तशीच करकरीत. तवारीख वाचायची, सुलतानाच्या स्तुतीवर लाल पेन्सिलीने काट मारायची, उरलेल्या लढाया कार्डांवर उतरवायच्या. दोन वर्षं मी पानंच्या पानं खोडली. मग साहित्यसिद्धान्तावरचे काही नवे लेख हाती लागले. इतिहासकारही गोष्टच रचतो, म्हणून तो काय सांगतो याइतकंच कसं सांगतो हेही वाचा, असं त्या लेखांचं म्हणणं. पटलं, पण खोडलेल्या पानांत वाचायचं काय, ते कळेना.

ते गणपतीत कळलं. चाळीच्या गणपतीपुढे मालवणी रीतीने गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायचा मान बाबांचा.

"बा गणराया, तू सगळ्यांचो राखणदार, तुज्या दारात कोण उपाशी ऱ्हवणा नाय," ते म्हणाले, आणि सगळी चाळ गरजली, "व्हय म्हाराजा!"

निम्म्या चुली धड पेटत नव्हत्या. मी नंतर चिडून विचारलं, "बाबा, खोटी स्तुती कशाला?"

"स्तुती खंयची गो? त्येका त्येचा काम आठवण करून दितंव."

त्या लाल काटा पुसायला मी खोडरबर घेऊन बसले. तवारिखेतल्या दुष्काळाच्या प्रकरणात शाही कोठारांची कुलपं निघत नाहीत, आणि नेमका तिथेच लेखक सुलतानाला पुन्हा पुन्हा 'रयतेचा अन्नदाता' म्हणतो! मी त्यावर प्रबंधात अख्खं प्रकरण लिहिलं.

"ही फॅडं आहेत," सर म्हणाले. "परीक्षक पदवी नाकारतील. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

तोंडी परीक्षेला बाबा ड्युटीवरून थेट खाकीत आले आणि मागे बसले. बाहेरगावच्या परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण उघडलं. "हे वाचन कुठल्या सिद्धान्तकाराचं?" मोठमोठी नावं माझ्या जिभेवर तयार होती.

"माझ्या वडिलांचं," मी म्हटलं, आणि गाऱ्हाण्याची हकीकत सांगितली.

परीक्षकांनी हसून मागे बसलेल्या बाबांकडे पाहिलं. "मग घाला पाहू एक."

बाबांनी टोपी काढली, हात जोडले. "बा म्हाराजा, हे सगळे जाणकार, कष्टाचो मान राखणारे. कोणाच्या चेडवाक, कोणाच्या लेकीक रिकाम्या हातान धाडणत नाय..."

गाऱ्हाण्याला साथ द्यायला चाळ नव्हती. बाबा हात जोडून तसेच उभे राहिले.

तेवढ्यात परीक्षकांच्या शेजारून, चार वर्षांत मालवणीचा एक शब्दही न उच्चारलेल्या माझ्या सरांचा खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"