योग्य मार्गाने

पंचशीलाबाईंनी गेवराईच्या एका कचेरीत सव्वीस वर्षं आवक-जावक सांभाळली. शिक्का नसलेला कागद म्हणजे न दिलेला कागद, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. सासरे सर्जेराव एका अर्जापायी उमापूरहून सरकारी कचेरीत खेटे घालून म्हातारे झाले; पोच कधी घेतली नाही, म्हणून दर वेळी "कधी आलतास बे तू?" एवढंच ऐकून परतले.

मुलगी अंजली तिथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवते. उरलेल्या वेळात उपग्रहांची खुली आकडेवारी चाळते. तिचं लक्ष एकाच जातीच्या ताऱ्यांवर: मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गोळा, बीड ते लिंबागणेशच्या अंतरात मावेल एवढा. चुंबकत्व इतकं दांडगं, की कवच तडकतं आणि क्षणभर गॅमा किरणांचा लोळ सुटतो. मग वर्षानुवर्षं गप्प, आणि पुन्हा तेच.

एका रविवारी तिला अकरा वर्षं गप्प असलेल्या अशा ताऱ्याचा ताजा स्फोट सापडला. आपोआप इशारा देणाऱ्या यंत्रणेतूनही निसटलेला, इतका बारीक.

"आई, अजून कुणीच पायला न्हाई हा! आजच जगभरच्या शास्त्रज्ञांना कळवते."

"कॉलेजचं नाव घालणार ना? मग प्राचार्यांची सही?"

"ताऱ्याला सही लागत न्हाई, आई."

"तुला लागती. जूनमध्ये तुझी ऑर्डर कोण काढतं? कावून एवढी घाई? पळून चाललाय का तारा?"

अंजली हसली, आणि तिनं ऐकलं. अर्ज पंचशीलाबाईंनीच लिहून दिला, वर 'योग्य मार्गाने सादर' असं ठळक घालून.

प्राचार्य आधी लग्नसराईत अडकले, मग तपासणी समिती आली. अकराव्या दिवशी परदेशातल्या सात जणांनी तोच स्फोट आपल्या नावानं जाहीर केला. सही अठराव्या दिवशी झाली.

पंचशीलाबाई अर्जाची शिक्का मारलेली पोच घेऊन स्वतः प्राचार्यांकडे गेल्या. "सर, आमची तारीख आधीची हाय. शिक्का बघा."

प्राचार्यांनी चष्मा वर केला. "बाई, शिक्का आपल्या कॉलेजचा. तिकडं कोण वाचणार तो? आन् फाइलला लागलंय ना? मग झालं."

घरी त्या चाचरत म्हणाल्या, "परत फुटंल म्हणतीस ना तो?"

"फुटंल. उद्या, न्हाईतर वीस वर्षांनी." अंजलीनं लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला. "तेव्हा तुला सांगणार न्हाई मी."

आता त्या चहा द्यायला आत आल्या, की अंजली लॅपटॉप मिटते. काही सापडलं का, हे विचारायची त्यांची हिंमत होत नाही.