मराठी समजणारा कुत्रा

नवरा तीन वर्षांच्या प्रकल्पासाठी सेक्टर ३९ मधल्या संस्थेत रुजू झाला आणि आम्ही चंदीगडला आलो. लेक शाळेत गेली की घर खायला उठायचं. म्हणून मी प्राण्यांच्या एका निवाऱ्यात सकाळी मदतीला जाऊ लागले. पिंजरे धुवायचे, औषधं द्यायची आणि टाकून दिलेल्या कुत्र्या-मांजरांना घरं शोधायची.

त्या थंडीत झिरकपूरहून एक तपकिरी कुत्रा आला. सात-आठ वर्षांचा, गळ्यात झिजलेला पट्टा. हिंदीत बोलवा, पंजाबीत बोलवा, तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. बहिरा असावा, असं डॉक्टरांनाही वाटलं.

एकदा कानात औषध घालताना तो अंग चोरायला लागला आणि माझ्या तोंडून सहज निघालं, "थांब की रे जरा. बस खाली."

तो बसला.

मी जपून म्हटलं, "हात दे." त्याने पंजा माझ्या गुडघ्यावर ठेवला. शेपूट फरशीवर आपटत होती.

आधी मला हसू आलं, मग लक्षात आलं. त्याला सोडून जाणारी माणसं बहुधा आपल्यातलीच होती.

मी मराठी मंडळींच्या ग्रुपवर फोटो टाकला. "किती गोड" असं सगळ्यांनी लिहिलं, पण घ्यायला कोणी तयार होईना. कोणाची बदली जवळ आलेली, कोणाचा फ्लॅट लहान. आमचंही तेच होतं. तरी मी हट्टाला पेटले होते, की याला मराठी घरच हवं.

तशात एक आंटीजी आल्या. निवृत्त शिक्षिका, मोहालीत एकट्या राहणाऱ्या. त्यांना मोठ्या वयाचाच कुत्रा हवा होता. मी म्हटलं, "आंटीजी, ये सिर्फ मराठी समझता है."

त्यांनी पर्समधून वही काढली. "तो तू बोल, मैं लिखती हूँ."

ये, बस, जेव, नको, शहाणा. त्यांनी सगळं गुरुमुखीत उतरवून घेतलं आणि पिंजऱ्यासमोर बसून मोठ्याने वाचलं. 'शहाणा'चं पार 'शाणा' झालं. पण तो उठून त्यांच्याजवळ गेला. माझा हट्ट तिथेच संपला.

महिन्याभराने मी त्यांच्याकडे गेले. तो उन्हात पाय पसरून झोपला होता आणि "आ जा पुत्तर" म्हटल्यावरही उठत होता. एकच अडचण होती. आंटीजी गुरुद्वाऱ्याला निघाल्या की तो दाराशी रडायचा. "जाते" हा शब्द त्यांनी कुणाकडून तरी विचारून घेतला होता आणि रोज तोच म्हणत होत्या.

"आम्ही निघताना जाते म्हणत नाही," मी त्यांना हिंदीत समजावलं. "येते म्हणतो."

"जाते वक्त भी?"

"हो. परत यायचं असतं ना."

त्यांनी चप्पल घातली. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "येते हं."

त्याने कान टवकारले, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि दाराजवळच्या सतरंजीवर अंग टाकलं. आम्ही दोघी फाटकापाशी थांबून पाच मिनिटं कानोसा घेत होतो. आतून आवाज आला नाही.