मोडेमचा लाल दिवा

इंटरनेट बंद पडलं होतं आणि मोडेमवरचा लाल दिवा गुरुवारपासून लुकलुकत होता. चार दिवसांत त्याची मला शिसारी आली.

घरचा कॉम्प्युटर मी हौसेने विंडोजऐवजी लिनक्सवर चालवतो. केबलवाले आले, पडद्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "काका, तुमचं हे काहीतरी भलतंच आहे. विंडोज टाका, मग बोलवा." वायरीला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही.

मी पेटलो. रोज फोनवर लोकांचे सल्ले वाचायचे आणि कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायच्या. चालू होत्या त्या सेटिंगही बिघडवून ठेवल्या. रविवारी व्हिडिओ कॉलवर, मोठ्या पडद्यावर नातीला बघायचं राहून गेलं.

आपल्याला जे येत नाही त्यावर माणूस खापर फोडतो, आणि जे येतं त्यातच चूक शोधत बसतो. केबलवाल्यांना लिनक्स येत नव्हतं. मला तेवढंच येत होतं. म्हणून दोघांनीही दोष तिथेच ठरवला. गच्चीवर जायची तसदी कोणीच घेतली नाही.

आज सकाळी बायकोच्या मागे धुण्याची बादली घेऊन गच्चीवर गेलो. टाकीवरून आलेली केबल एका जाड सतरंजीच्या वजनाने लोंबत होती आणि जोडातून निखळली होती.

"ही वायरीवर कोणी वाळत घातली?" मी ओरडलो.

"तुम्हीच," ती म्हणाली. "गुरुवारी. दोरीवर जागा नाही म्हणालात."

खाली दिवा लुकलुकतच असेल. शिसारी यायला आता त्याची गरज नव्हती.