तुटक्या टेपचा एक इंच

माझ्या गाळ्यात भिंतीला, खिळ्यावर, लोखंडी नळीचा एक तुकडा टांगलाय. नऊ इंची. गिऱ्हाईक विचारतं, हे काय ठेवलंय? मी सांगतो, माझा राग आहे. लोकांना वाटतं चेष्टा करतोय. सात वर्षं दर आठवड्याला तेलाचं फडकं फिरवलंय त्याच्यावर, गंजू दिला नाही.

सात वर्षांमागं मी दौंडला आप्पांच्या लेथवर कामाला होतो. आप्पा माझे उस्ताद. लोखंड कसं सोलायचं ते त्यांनीच शिकवलं, उगाच नाही कशाला म्हणू? त्यांची टेप पुढनं तुटलेली होती, पहिला इंच गायब. पण ती हाताला बसलीय म्हणून नवी घ्यायचे नाहीत. मग आमच्याकडं सगळे एकच्या आकड्यापासनं मोजायचे आणि शेवटी एक वजा करायचे. आणखी एक रीत होती. ज्यानं मोजलं त्यानंच जॉबवर, म्हणजे कापायच्या लोखंडावर, आकडा कोरायचा, खाली आपली खूण काढायची. आप्पांची खूण त्रिशूळ, माझी दोन आडव्या रेघा.

वडगाव रासाईच्या एका बागायतदारानं जुनी विलायती मोटार आणली होती. तिच्यात दणकट इंजिन टाकून त्याला हॉट रॉड, म्हणजे शर्यतीची सुसाट गाडी, करायची होती. मोबाईलवर बघून बघून येडा झाला होता त्यापायी. नव्या इंजिनाचा गिअरबॉक्स लांब, म्हणून मागच्या चाकांकडं जाणारा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, आखूड करणं भाग होतं. ह्या मोटारीत तो शाफ्ट उघडा नसतो, जाड नळीत बंद असतो. जेवढी नळी कापायची तेवढाच आतला शाफ्ट कापायचा, आणि जोड असा द्यायचा की फिरताना केसभर हलता कामा नये. जास्त कापला तर संपलं, तसला शाफ्ट परत कुठं मिळायचा?

गिअरबॉक्स किती मागं येतो ते आप्पांनी मोजलं. नळीवर नऊ कोरला, खाली त्रिशूळ काढला. मी नऊ इंच कापले, नळीतनं आणि शाफ्टातनं. बसवायला घेतला तर इंचभर आखूड.

बागायतदार आला आणि बघून लालेलाल झाला. आप्पांनी माझ्याकडं बोट केलं. म्हणाले, "ह्यानं मोजलं. ह्याच्या हाताला शिस्तच न्हाई." मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "चल, नीघ. परत पाय ठिवू नगंस हितं." भंगारात पडलेला तो त्रिशूळवाला तुकडा मी पिशवीत घातला आणि निघालो. आठवड्यानं वडगावला जाऊन बागायतदाराला दाखवला. फाटकातनंच म्हणाला, "आप्पा खोटं बोलत्यात व्हय? तूच कोरला असशील."

पुढं दौंडपासनं शिरूरपर्यंत माझं नाव पडलं, इंचखाऊ. एक लेथवाला उभा करीना. दोन हंगाम पाटसला उसाच्या मोळ्या उतरवल्या.

त्याचंही मला एवढं नाही. माझे वडील गवंडी होते. आमच्या वस्तीत कुणी कुणाच्या पाया पडत नाही. जय भीम म्हणायचं आणि मान ताठ ठेवायची, वडलांनी जन्मभर तेच केलं. मला हाकललं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस पहिल्या एसटीनं दौंडला गेला आणि त्यानं आप्पांचे पाय धरले. "पोराची चूक झाली, पदरात घ्या." आप्पांनी पाय मागं घेतले नाहीत, आणि मलाही घेतलं नाही. हे मला शेजारच्या वेल्डरनं सांगितलं. वडलांनी स्वतः ते कधी सांगितलं नाही. पुढं मी शिरूरला गाळा टाकला तरी, "हात सुधार बाबा," एवढंच म्हणायचे. दोन वर्षांमागं ते वारले.

यंदा उन्हाळ्यात तीच मोटार टेम्पोवर लादून माझ्या दारात आली. बागायतदारानं कुठनंतरी तसला दुसरा शाफ्ट पैदा केला होता. एवढ्या लांबीचा लेथ ह्या भागात आता माझ्याकडंच आहे, मग जातो कुठं? पण शेजारी आप्पांना बसवून आणलेलं. मला म्हणाला, "आप्पा मोजतील. तू नुसतं कापायचं."

डोकं असं सणकलं माझं! पण काम घेतलं. म्हटलं, आता ह्यांचा हात माझ्या दगडाखाली आहे.

आप्पांनी खिशातनं टेप काढली. तीच. एकपासनं धरली, नऊ वाचला, ओठातल्या ओठात पुटपुटले आणि नळीवर आठ कोरला. खाली त्रिशूळ.

"नऊ आला न्हवं? आठ का?" बागायतदारानं विचारलं.

"टेप फुडनं तुटल्याली हाय. येक वजा करावा लागतो."

मी भिंतीवरचा तुकडा काढला आणि त्या नव्या त्रिशूळाशेजारी ठेवला. दोन्हीकडं डावा दात तोकडा, कोरणारा हात एकच. बागायतदारानं दोन्ही खुणा वाकून निरखल्या. मग जुन्या नऊवर बोट ठेवून म्हणाला, "म्हंजी आप्पा, तवा वजा करायचं तुमचं ऱ्हायलं."

आप्पांनी मान खाली घातली. माझं तेवढ्यानं भागणार नव्हतं. विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

"त्याच दिशी. तू गेल्यावर, सांजच्याला परत मोजलं तवा."

सांजच्याला. मी सात वर्षं धरून चाललो होतो की ह्यांना अजून कळलेलंच नाही.

"दुसऱ्या दिशी सकाळी माझा बाप आला व्हता," मी म्हणालो.

आप्पांना आठवत होतं. त्यांच्या तोंडावरनं कळलं.

"जाऊ दे की," बागायतदार मधे पडला. "वडीलधारं माणूस हाय."

"माझा बापबी वडीलधाराच व्हता."

आप्पांनी टेप बाकड्यावर ठेवली. गुडघ्यावर हात टेकून हळूहळू वाकायला लागले. मी धरलं असतं तर थांबले असते. बागायतदार माझ्याकडं बघत होता.

वडलांना हे अजिबात आवडलं नसतं. मी पाय मागं घेतले नाहीत.