सही कर आणि मोकळी हो

आमच्या कॉलेजच्या प्लेसमेंट सेलच्या दारावर एक नियम लॅमिनेट करून लावला होता: एक विद्यार्थी, एक नोकरी. एखाद्या कंपनीने तुम्हाला निवडलं आणि तुम्ही संमतीच्या कागदावर सही केली, की पुढच्या सगळ्या कंपन्यांच्या यादीतून तुमचं नाव कटलं. हुशार चार जणांनीच सगळ्या जागा पटकावू नयेत, बाकीच्यांचंही काही भलं व्हावं, म्हणून केलेला नियम. त्यात वाईट काही नव्हतं. वाईट मी होते.

हिंगणा रोडच्या पुढे, एमआयडीसी संपल्यावर आमचं कॉलेज. प्लेसमेंटचे सर शेवटच्या वर्षाच्या मुलांना ‘घडवत’. म्हणजे आमच्या बुटांची, केसांची, गावांची सगळ्यांसमोर टिंगल करत. सरावाच्या मुलाखतीत एखादा घाबरत म्हणाला, “सर, मी सावनेरहून येतो,” की सर म्हणत, “ते दिसतंच आहे.” मग आम्ही हसायचो. बाहेरचं जग याहून कठोर आहे, मी तुमची तयारी करून घेतोय, असं ते वर सांगत. सगळ्यात मोठ्याने मीच हसायची. मी नागपूरच्या इतवारी बाजारातली, भांड्यांच्या दुकानवाल्यांची मुलगी. मला कोणी खेडवळ म्हणणार नव्हतं.

सरांनी मला सेलची विद्यार्थी प्रतिनिधी केलं, कारण मला लोकांवर ओरडता यायचं. कंपनीवाले येणार म्हणून खुर्च्या मांडून घ्यायच्या, पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, समोसे गरम आहेत ना ते बघायचं, आणि याद्या करायच्या. सरांना मेल वाचायचा कंटाळा. त्यामुळे सेलच्या मेलचा पासवर्ड माझ्याकडे होता. आलेला मेल मी वाचायची आणि सरांच्या स्वतःच्या पत्त्यावर पुढे पाठवायची. एवढ्याशा गोष्टीचा मला केवढा तोरा होता.

माझी एकच खरी मैत्रीण होती. ती सावनेरजवळच्या खाणीच्या वसाहतीतून रोज एसटीने यायची. तिचे वडील खाणीत कामाला होते आणि मे महिन्यात निवृत्त व्हायचे होते. निवृत्त झाले की क्वार्टर खाली करायचं. गावात घर नाही, शेत नाही. वडिलांचं काम सुटायच्या सुमारास तिचं सुरू झालं पाहिजे, मग नागपुरात खोली घेऊन सगळे तिच्याकडे राहतील, असं घरात ठरलं होतं. हे ती सगळ्यांना सांगायची. मला तिची त्यातही चीड यायची, की हिला काही लपवताच येत नाही.

कंपन्यांच्या परीक्षेत गणितं असतात. दोन नळ, एक टाकी. दोन माणसं, एक भिंत. ती बसस्टॉपवर वही मांडीवर घेऊन मला ती शिकवायची. तिला उत्तर आधी दिसायचं, कारण नंतर. मला दोन्ही दिसायची नाहीत. “बाप्पा, किती सोपं आहे वं,” ती म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. एसटी आली तरी उदाहरण अर्धं टाकून उठायची नाही. दुसरी एसटी तासाभराने असायची.

जानेवारीत पहिली कंपनी आली. बँकांच्या वतीने लोकांना फोन करणारी. मला त्यांनी पहिल्याच फेरीत काढलं. मीच मांडलेल्या खुर्चीवर बसून, मीच ठेवलेलं पाणी पिऊन मी बाहेर आले. तिला घेतलं.

त्याच दिवशी सकाळी दुसऱ्या एका कंपनीचा मेल आला होता. सॉफ्टवेअरची, पुण्याची, चांगली. पुढच्या गुरुवारी येतो, तुमच्या शाखेतून एकच जण घेऊ, असं लिहिलं होतं. मेल मी वाचला होता. सरांना अजून पाठवला नव्हता.

पहिल्या कंपनीसाठी पाचच्या आत सही करायची होती. साडेचारला ती कागद घेऊन माझ्याकडे आली.

“मले खरं सांग, अजून कोणती कंपनी येऊन राहिली का?” तिने विचारलं. “हे फोनचं काम मले काही जमणार नाही असं वाटते. पण दुसरी नसंल, तर करतो सही.”

मी विचार केला नाही. लोक म्हणतात, अशा वेळी मनात मोठी घालमेल होते. माझ्या मनात फक्त एक आकडा होता, तो एक. ती परीक्षेला बसली तर तो एक म्हणजे ती.

“कोणतीच नाही वं,” मी म्हणाले. “या वर्षी बाजार थंड आहे. सही कर आणि मोकळी हो.”

तिने सही केली. दुसऱ्या दिवशी ती आईने घरी केलेले पेढे घेऊन आली. पहिला मला भरवला. तो खाऊन मी सेलमध्ये गेले आणि पुण्याच्या कंपनीचा मेल सरांना पुढे पाठवला.

पुण्याची कंपनी येतेय ही बातमी फुटल्यावर ती माझ्याकडे आली तेव्हा मला वाटलं, आता सापडले. ती म्हणाली, “जाऊ दे, माझं तर झालं. तुले तरी होईल.” आणि गुरुवारपर्यंत रोज माझ्याकडून गणितं करून घेतली. परीक्षेच्या दिवशी माझी बॅग धरून बाहेर बाकावर बसून राहिली. तिने घोटून घेतलेल्यातलीच बरीचशी उदाहरणं आली. माझी निवड झाली. कॉलेजने गेटवर माझ्या फोटोचा फ्लेक्स लावला, आणि तो बांधताना खाली उभं राहून “डावीकडे घ्या, अजून थोडं” असं सांगणारी तीच होती.

तिची रुजू व्हायची तारीख जूनवरून जुलैवर गेली. मग सप्टेंबर. मग त्या कंपनीने उत्तर देणंच सोडलं. मे महिन्यात तिच्या वडिलांनी क्वार्टर खाली केलं. कॉलेजच्या नियमाने ती ‘नोकरी मिळालेली’ होती, म्हणून मधल्या काळात आलेल्या एकाही कंपनीसमोर सरांनी तिला बसू दिलं नाही. मी पुण्यात होते. तिचे मेसेज यायचे: “तू सेलमध्ये होती, कोणाशी तरी बोल न.” मी ते न उघडता वरच्यावर वाचायची, म्हणजे वाचल्याची निळी खूण तिला दिसू नये. काही महिन्यांनी मेसेज थांबले. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते.

गेल्या वर्षी माझ्या कंपनीने मला त्याच कॉलेजात मुलं निवडायला पाठवलं. विमानतळावरून गाडीने थेट हिंगणा रोड. आधी अर्धा तास मी ‘नोकरीसाठी स्वतःला कसं तयार कराल’ यावर बोलले. आत्मविश्वास ठेवा, प्रामाणिक राहा, असलं काहीबाही. समोरची मुलं लिहून घेत होती. मागे भिंतीशी गळ्यात ओळखपत्र घातलेली एक बाई खुर्च्या मोजत होती. ती तीच होती.

सेलमध्ये कंत्राटी सहायक. दर वर्षी कंत्राट नवं. मी जवळ गेले तर म्हणाली, “मॅडम, चहा इकडे ठेवला आहे.” मॅडम! मुलांसमोर म्हणत असेल, अशी मी समजूत करून घेतली. दिवसभर ती मला मॅडमच म्हणत राहिली, यादी देताना, पाणी देताना, पंखा वाढवू का विचारताना.

आम्ही एकच मुलगी निवडली. काटोलची, तल्लख, थोडी बुजरी. संध्याकाळी ती संमतीचा कागद घेऊन सेलमध्ये आली. पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे न बघता माझ्या मैत्रिणीला विचारलं, “ताई, अजून कोणती कंपनी येऊन राहिली का?”

उत्तर मीच दिलं. मला कोणी विचारलं नव्हतं. “या वर्षी बाजार थंड आहे. सही कर आणि मोकळी हो.”

तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आलं.

मैत्रिणीने हातातली फाइल खाली ठेवली. “येऊन राहिली,” ती त्या मुलीला म्हणाली. “मंगळवारी. यांच्याहून चांगली आहे. मेल सकाळीच आला. तुले सही करायची तर कर, पण माहीत असू दे.”

मुलीने पेनाचं टोपण लावलं, “थँक्यू ताई” म्हणाली आणि गेली. मला लाज वाटायला हवी होती. आधी आला तो राग.

“हे सांगायचा तुला अधिकार आहे का?” मी म्हणाले.

“नाही,” ती म्हणाली. “कळलं तर पुढचं कंत्राट देणार नाहीत.” मग दिवसभरात पहिल्यांदा तिने मॅडम सोडलं. “सेलचे जुने मेल सगळे आहेत वं. मी काही मिटवत नाही. आपल्या वर्षाचेही आहेत. कोणता कधी आला, कोणता कधी पुढे गेला, सगळं दिसते. इथल्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात पाहिलं मी.”

मी काहीतरी बोलायला गेले. तिने हात वर केला.

“काहून केलं, ते मी इचारत नाही तुले. मले माहीत आहे. तुले गणितं येत नव्हते.”

तिने यादीवर त्या मुलीच्या नावापुढे ‘नकार’ लिहिलं, कागद माझ्या सहीसाठी पुढे सरकवला आणि विचारलं, “मॅडम, गाडी बोलवू का?”

मी सही केली. विमानतळावर बसून ऑफिसला अहवाल पाठवला. त्यात एकच ओळ होती: योग्य उमेदवार मिळाला नाही.